एका प्रॉपर्टीवर लिहिणारा हात एकच ठेवा: ऑब्सिडियनमधल्या मेटाडेटा प्लगइन्सबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑब्सिडियन या नोट्स लिहिण्याच्या ॲपमध्ये दीडेक हजार नोट्स आहेत, बहुतेक वाचनाच्या आणि कामाच्या. डेटाव्ह्यू (नोट्समधल्या माहितीचे तक्ते दाखवणारा), मेटाडेटा मेनू (ती माहिती ठरावीक पर्यायांतून भरू देणारा), टेम्प्लेटर (नव्या नोटचा साचा भरणारा), लिंटर (नोटची मांडणी आपोआप नीट करणारा) आणि 'शेवटचा बदल' ही तारीख टाकणारा आणखी एक, असे पाच प्लगइन, म्हणजे ॲपला वरून जोडलेल्या सोयी, चालू आहेत. तक्त्यांत काही नोट्स येतच नाहीत, तारखा आपोआप बदलतात, फोनवर एकाच नोटच्या दोन-दोन प्रती दिसतात. कोणते प्लगइन ठेवायचे, कोणते काढायचे, आणि आता बेसेस ही ॲपची स्वतःची तक्त्यांची सोय आली आहे तर डेटाव्ह्यू सोडायचा का?

तुमचे पाच प्लगइन मी आधी दोन ढिगांत टाकतो. डेटाव्ह्यू वाचतो. बाकीचे चार लिहितात. डेटाव्ह्यूच्या कामांच्या यादीत चौकटीवर टिचकी मारली की मूळ नोटमध्ये खूण होते, तेवढं सोडलं तर तो तुमच्या फाइलला हात लावत नाही. तक्ता चुकीचा दिसला तरी नोट जशीच्या तशी असते. लिहिणाऱ्यांचं तसं नाही. ऑब्सिडियनमध्ये नोट म्हणजे साधी मजकुराची फाइल. तिच्या डोक्यावर तीन-तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये यॅमल पद्धतीने लिहिलेला जो भाग असतो, तो फ्रंटमॅटर. नाव आणि त्यापुढची किंमत अशी त्यातली एकेक जोडी म्हणजे प्रॉपर्टी. या मेटाडेटाला, म्हणजे नोटविषयीच्या माहितीला, हात घालणारा प्रत्येक प्लगइन हीच फाइल उघडतो, वरचा भाग बदलतो आणि पुन्हा जतन करतो. दोन प्लगइन एकाच ओळीवर हक्क सांगायला लागले की दोघांचंही काम बरोबर असूनही नोट बिघडते.

तुमच्याकडे नेमकं हेच चाललेलं दिसतं. तुम्ही नोट जतन केलीत, लिंटरने बदलाची तारीख टाकली. म्हणजे फाइल बदलली. तारीख टाकणाऱ्या दुसऱ्या प्लगइनला वाटलं, नोटमध्ये बदल झाला, त्याने आपली तारीख टाकली. तेवढ्यात सिंकने, म्हणजे दोन्ही उपकरणांवरच्या नोट्स जुळवत ठेवणाऱ्या सोयीने, पहिली प्रत फोनवर पाठवलेली असते आणि फोनवरही हेच प्लगइन चालू असतात. फोनवर ती नोट नुसती उघडून एखादं अक्षर टाकलंत तरी तिथला प्लगइन तिसरी तारीख लिहितो. आता दोन उपकरणांवर एकाच फाइलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या झाल्या, आणि सिंकने दुसरी प्रत काढून ठेवली. सिंकचा यात काही दोष नाही.

म्हणून माझा नियम: वाचणारे प्लगइन हवे तितके ठेवा, पण प्रत्येक प्रॉपर्टीला लिहिणारा एकच. कागद घ्या, डावीकडे तुमच्या सगळ्या प्रॉपर्टींची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे तिचा एकच मालक. 'मी स्वतः, हाताने' हाही मालक चालतो, आणि माझ्या स्वतःच्या व्हॉल्टमध्ये (नोट्सच्या संपूर्ण फोल्डरला ऑब्सिडियन व्हॉल्ट म्हणतं) निम्म्याहून जास्त प्रॉपर्टींचा मालक तोच आहे.

हा नियम मला फुकट मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी मी एक छोटा प्लगइन बसवला होता, नाव सांगत नाही. तो जुन्या नोट्समध्ये राहून गेलेल्या तारखा भरून देणार होता. एका संध्याकाळी संपूर्ण व्हॉल्टवर चालवला, चहा करून आलो, तर साडेआठशे नोट्सवर त्याच दिवसाची तारीख. निर्मितीची तारीख मिळाली नाही की आजची टाकायची, असं त्याच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, आणि दहा नोट्सचं वेगळं फोल्डर करून आधी त्यावर चालवून पाहण्याचे कष्टही घेतले नव्हते. गिटमध्ये, म्हणजे फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, आदल्या दिवशीची नोंद होती म्हणून वाचलो.

तारखांचा विषय निघालाच आहे तर तो संपवूनच टाकतो. 'शेवटचा बदल' ही प्रॉपर्टी नोटमध्ये लिहूच नका. ती माहिती फाइल सिस्टिमकडे असते, आणि डेटाव्ह्यू व बेसेस दोघंही ती थेट वाचतात. नोटमध्ये तीच पुन्हा लिहिणं म्हणजे दर जतनाला एक बिनकामाचा बदल, आणि वर सांगितलेली सगळी साखळी. ही तारीख फार भरवशाची नसते, हेही खरं. कुठल्याही प्लगइनने नोटला हात लावला की ती बदलते, आणि गिटवरून नव्या संगणकावर व्हॉल्ट उतरवला की सगळ्या नोट्स त्या क्षणीच बदलल्यासारख्या दिसतात. पण 'अलीकडे कशावर काम केलं' एवढंच पाहायचं असेल तर ती पुरते. निर्मितीची तारीख मात्र नोटमध्येच हवी, कारण फाइल एका जागेहून दुसरीकडे नकलली की फाइल सिस्टिममधली निर्मितीची तारीख हरवू शकते. ती टेम्प्लेटरने नोट तयार होताना एकदाच लिहावी आणि पुढे तिला कोणी शिवू नये. म्हणजे तुमचा पाचवा प्लगइन काढा आणि लिंटरमधला तारखांचा नियम बंद करा. फोनवरच्या जोडप्रती इथेच बऱ्याचशा थांबतील.

आता तक्त्यात न येणाऱ्या नोट्स. इथे प्लगइन बदलून काही होणार नाही, एक नोट उघडून तिच्याकडे नीट बघावं लागतं. प्रॉपर्टींचा नेहमीचा देखणा तक्ता न बघता सोर्स मोडमध्ये जा, म्हणजे कच्चा मजकूर दिसेल. मला ज्या बिघडलेल्या नोट्स पाहायला मिळतात त्या साधारण अशा असतात:

---
शीर्षक: झोप: काही निरीक्षणं
प्रकार: लेख
स्थिती: वाचतोय
सुरुवात: १२/५/२४
संबंधित: [[विसरण्याचा आलेख]]
टीप: भाग ३ पुन्हा वाच #महत्त्वाचं
---

सहा ओळी आणि पाच दुखणी. पहिल्या ओळीत विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम दोनदा आला आहे. यॅमलच्या लेखी अपूर्णविराम आणि त्यापुढची मोकळी जागा म्हणजे 'इथे नाव संपलं, आता किंमत'. दुसरा आला की त्याचा गोंधळ होतो आणि तो संपूर्ण फ्रंटमॅटर नाकारतो. नुसतं शीर्षक जात नाही, सगळ्या प्रॉपर्टी एकदम जातात. डेटाव्ह्यूच्या दृष्टीने ही नोट कोरी असते. तुमच्या तक्त्यातून गायब असलेल्या नोट्समध्ये अपूर्णविराम असलेली शीर्षकं किती आहेत ते मोजा, निम्मं कोडं तिथेच सुटेल असा माझा अंदाज आहे. इलाज सोपा: किंमत दुहेरी अवतरणात टाका.

हे दुरुस्त केलं की मग बाकीची चार दिसायला लागतात. 'वाचतोय' ही स्थिती या नोटमध्ये आहे, शेजारच्या नोटमध्ये 'वाचत आहे' असेल, तिसरीत 'चालू'. तक्त्याची अट यातल्या एकाच शब्दाला ओळखते. तारीख १२/५/२४ अशी लिहिली तर ती ऑब्सिडियनसाठी तारीख नसून नुसता मजकूर आहे, त्यामुळे 'या महिन्यात सुरू केलेलं' या प्रश्नाला ती उत्तर देऊ शकत नाही. वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडव्या रेघा, महिना आणि दिवस दोन-दोन आकड्यांचे, एवढाच क्रम चालतो. लिंक अवतरणांशिवाय लिहिली तर यॅमल तिला यादीतली यादी समजतो, कारण त्याच्या भाषेत चौकटी कंस म्हणजे यादी. आणि टीपेतला शेवटचा शब्द तर कोणालाच दिसणार नाही, कारण मोकळ्या जागेनंतर आलेलं हॅशचं चिन्ह यॅमलमध्ये शेरा सुरू करतं. तिथून पुढचं सगळं वगळलं जातं, कसलीही तक्रार न करता. सुधारलेली नोट अशी होईल:

---
शीर्षक: "झोप: काही निरीक्षणं"
प्रकार: लेख
स्थिती: चालू
सुरुवात: २०२४-०५-१२
संबंधित: "[[विसरण्याचा आलेख]]"
टीप: "भाग ३ पुन्हा वाच"
---

इथे वाचायला बरं पडावं म्हणून तारखेचे आकडे देवनागरीत लिहिले आहेत. ॲपमध्ये ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे, देवनागरी आकड्यांची तारीख त्याला तारीख वाटत नाही. मराठी कीबोर्डवरून टाइप करताना ही चूक सर्रास होते आणि डोळ्यांना ती चूक वाटतही नाही.

लिपीवरून आणखी एक गोष्ट, कारण ती इंग्रजी मार्गदर्शकांत कुठे सापडणार नाही. माझ्या एका प्रॉपर्टीत 'दुसऱ्यांदा' अशी किंमत होती. तक्त्यात तिच्या १४ नोट्स यायला हव्या होत्या, यायच्या ९. अक्षर अन् अक्षर तपासलं, काही फरक नाही. शेवटी प्रॉपर्टीत टाइप करायला गेलो तेव्हा खाली सुचवलेल्या यादीत 'दुसऱ्यांदा' हा शब्द दोनदा दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला. ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एकात त्यासाठीचा वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागोमाग एक न दिसणारं जोडचिन्ह. संगणकावरचा कीबोर्ड एक पद्धत वापरत होता, फोनवरचा दुसरी. पडद्यावर शब्द एकच, संगणकासाठी दोन. 'ॲप' मधल्या ॲ चं तसंच: तो एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. सुचवणीत एकच शब्द दोनदा दिसला तर समजा, हाच घोळ आहे. ठरावीक किमती हाताने टाइप न करता यादीतून निवडायच्या, यामागचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण हे आहे.

मग निवडायला यादी कोण देणार? टेम्प्लेटर की मेटाडेटा मेनू? दोन्ही ठेवू नका. टेम्प्लेटरमध्ये सजेस्टर नावाची सोय आहे: नवी नोट तयार होताना 'स्थिती' विचारली जाते, समोर चार पर्याय येतात, तुम्ही एक निवडता, तो लिहिला जातो. फोल्डरला टेम्प्लेट जोडून ठेवलं की त्या फोल्डरमधल्या नव्या नोटवर ते आपोआप चालतं. फक्त सेटिंगमध्ये नवी फाइल तयार झाल्यावर टेम्प्लेटर चालावा ही खूण हवी. ती नसल्यामुळे 'टेम्प्लेट चालत नाही' म्हणणारे बरेच जण भेटतात. टेम्प्लेटरची मर्यादा अशी की तो जन्माच्या वेळी हजर असतो, नंतर नाही. आठवड्याने स्थिती 'चालू' वरून 'पूर्ण' करायची तर ते तुम्हालाच करावं लागतं.

मेटाडेटा मेनू तिथे कामाला येतो. त्यात फाइलक्लास नावाची कल्पना आहे: 'लेख' या प्रकारच्या नोटला कोणत्या प्रॉपर्टी असतील आणि प्रत्येकीत कोणत्या किमती चालतील, हे एका वेगळ्या नोटमध्ये लिहून ठेवायचं. मग कुठूनही ती किंमत बदलताना तेवढेच पर्याय येतात. उत्तम प्लगइन आहे, पण जड आहे. तो डेटाव्ह्यूवर अवलंबून आहे, आणि सेटिंगांचं जंगल आहे. एकट्याने वापरायचा व्हॉल्ट, एका प्रकारच्या नोटला पाच-सहा प्रॉपर्टी, एवढ्यासाठी मी तो बसवणार नाही. एका प्रकारात दहा-बारा प्रॉपर्टी असतील आणि त्या वरचेवर बदलत असतील तर विचार करा. तुमच्या वर्णनावरून मी टेम्प्लेटर ठेवेन, मेटाडेटा मेनू काढेन.

लिंटर राहू दे, पण त्याला लगाम हवा. प्रॉपर्टींचा क्रम लावणं, विशेष चिन्हं असलेल्या किमतींना अवतरण देणं, ही कामं तो छान करतो, आणि वरच्या अपूर्णविरामाच्या दुखण्यावर तर तोच औषध आहे. मात्र दर जतनाला चालवू नका. महिन्यातून एकदा, हाताने, एका फोल्डरवर. टेम्प्लेट्सचं फोल्डर त्याच्या वगळण्याच्या यादीत टाका, नाहीतर तो टेम्प्लेटरच्या आज्ञांनाही 'सुधारायला' जाईल.

आता बेसेस. २०२३ मध्ये १.४ आवृत्तीत ऑब्सिडियनने प्रॉपर्टी हा प्रकार स्वतःच आणला: मजकूर, यादी, आकडा, खूण, तारीख, तारीख-वेळ. तोवर हे सगळं प्लगइन्सवर चालायचं. २०२५ मध्ये १.९ आवृत्तीत बेसेस आलं आणि तक्तेही ॲपच्या आतच आले. डेटाव्ह्यू आणि बेसेसमधला माझ्यासाठी खरा फरक असा: डेटाव्ह्यूचा तक्ता फक्त बघायचा असतो, बेसेसच्या तक्त्यात चौकटीत टिचकी मारून किंमत बदलता येते आणि ती थेट नोटच्या फ्रंटमॅटरमध्ये जाते. म्हणजे बेसेस वाचतंही आणि लिहितंही, पण लिहितो तो तुमचाच हात. त्यामुळे माझ्या मालकांच्या यादीत ते 'मी स्वतः' मध्येच मोडतं.

नवीन तक्ते बेसेसमध्येच करा. जुने डेटाव्ह्यूचे तक्ते चालत असतील तर त्यांना आत्ता हात लावू नका. डेटाव्ह्यूची जागा अजून दोन ठिकाणी पक्की आहे: नोट्सच्या आतल्या कामांच्या याद्या एकत्र करायच्या असतील तर, आणि तुम्ही नोटच्या मजकुरात दोन अपूर्णविराम देऊन प्रॉपर्टी लिहिल्या असतील तर. 'लेखक:: अमुक' अशा ओळी डेटाव्ह्यूला कळतात, बेसेसला नाही, कारण ऑब्सिडियनच्या लेखी तो नुसता मजकूर आहे. डेटाव्ह्यूमध्ये जावास्क्रिप्ट चालवण्याची सोयही आहे, ती मुळात बंद असते आणि तुम्हाला तिची गरज का आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर बंदच राहू द्या. तसंही समुदायाचा कुठलाही प्लगइन बसवला की त्याला तुमच्या फाइल्सपर्यंत पोचता येतं, ऑब्सिडियन त्याला कुंपण घालू शकत नाही. सहा प्लगइन म्हणजे किल्ली दिलेली सहा माणसं.

नावांबद्दल दोन ओळी. प्रॉपर्टीचा प्रकार संपूर्ण व्हॉल्टसाठी एकच असतो. 'सुरुवात' एका नोटमध्ये तारीख ठरवलीत की ती सगळीकडे तारीखच. म्हणून एकाच नावाखाली दोन अर्थ कोंबू नका: एका नोटमध्ये 'भाग' म्हणजे आकडा आणि दुसरीत नाव, हे चालणार नाही. प्रॉपर्टीचं नाव देवनागरीत खुशाल ठेवा. क्वेरी, म्हणजे तक्त्यात काय यावं याची मागणी, लिहिताना अडलं तर डेटाव्ह्यूमध्ये 'रो' (row) या शब्दापुढे चौकटी कंसात अवतरण देऊन ते नाव लिहिता येतं, बेसेसमध्ये तेच 'नोट' (note) या शब्दापुढे. अपवाद तीनच: टॅग्ज (tags), एलिअसेस (aliases, नोटची पर्यायी नावं) आणि सीएसएसक्लासेस (cssclasses, नोटच्या दिसण्यासाठी) या प्रॉपर्टी ॲप स्वतः ओळखतं, त्यांची नावं त्याने ठरवलेल्या इंग्रजी स्पेलिंगमध्येच लागतात, आणि १.९ पासून अनेकवचनीच. तुमच्या जुन्या नोट्समध्ये 'टॅग' असं एकवचन असेल तर ते टॅग आता मोजले जात नाहीत. हेही तपासा.

साफसफाईला लागाल तेव्हा आधी व्हॉल्टची पूर्ण नक्कल दुसऱ्या जागी. ऑब्सिडियनचा फाइल रिकव्हरी हा अंगभूत प्लगइन दर ५ मिनिटांनी प्रत ठेवतो आणि मुळातल्या सेटिंगमध्ये ७ दिवस जपतो, पण तो एकेक नोट परत आणायला आहे. दीड हजार नोट्स त्यातून एकेक करून काढायला बसलात तर आठवडा जाईल. प्रॉपर्टीचं नाव बदलायचं असेल तर बाहेरचा प्लगइन नको, उजवीकडच्या पट्टीत सगळ्या प्रॉपर्टींची यादी उघडा, नावावर उजवी टिचकी, नाव बदला. टॅगसाठी टॅग रँग्लर हा प्लगइन आहे, तेच काम टॅगांच्या पट्टीतून करतो, पण त्यात केलेलं मागे घेता येत नाही. दोन टॅग एकत्र केलेत की कोणती नोट मूळ कोणत्या टॅगची हे कायमचं पुसलं जातं. आणि एक बारीक गोष्ट: फ्रंटमॅटरमध्ये तुम्ही स्वतःसाठी हॅश देऊन शेरे लिहिले असतील, तर प्लगइनने तो भाग पुन्हा लिहिला की ते उडू शकतात. ते आधी नोटच्या मजकुरात हलवा.

क्रम विचाराल तर: पाचवा प्लगइन आज काढा, मेटाडेटा मेनूही, लिंटरचं आपोआप चालणं बंद करा, हेच फोनवरही करा, आणि आठवडाभर काहीच करू नका. जोडप्रती यायच्या थांबल्या की मग अपूर्णविरामवाल्या नोट्स दुरुस्त करा. त्यानंतर स्थितीचे शब्द चारावर आणा.

मजकुरातल्या दोन अपूर्णविरामांच्या ओळी तुमच्याकडे किती आहेत ते तुम्ही सांगितलेलं नाही. असतील तर त्या एकदम फ्रंटमॅटरमध्ये हलवणारी स्क्रिप्ट शोधू नका. ज्या नोटकडे पुन्हा जाल, तिच्यातली ओळ त्या वेळी हाताने वर न्या. माझ्याकडे अशा तीनेकशे नोट्स होत्या, दोन वर्षांत सव्वाशे हलवल्या. उरलेल्या डेटाव्ह्यूच्या एका जुन्या तक्त्यात पडून आहेत आणि त्यांची आठवण मला हे लिहितानाच आली.